देवीडाक्तरचं पोर

सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळालं आणि सदऱ्यावर ओघळलं. त्र्यंबक टिपणीसने दुसरी चूळ भरली. तीही गळाली. मोरीच्या कठड्याशी तो तांब्या धरून तसाच उभा राहिला. दोन दिवस डावा कान ठणकत होता, कानाच्या आत बारीक फोडांचा पुंजका उठला होता, आणि काल जेवताना जिभेच्या डाव्या अंगाला आमटीची चवच कळली नव्हती. पण सायकलवरून खाडीच्या वाऱ्यात हिंडणाऱ्या माणसाचा कान दुखायचाच, असं म्हणून त्याने ते अंगावर काढलं होतं. आता त्याने खिडकीच्या गजाला टांगलेला दाढीचा आरसा काढून हातात घेतला. उजवा अर्धा चेहरा त्याचा होता. डावा सैल पडला होता. गाल लोंबत होता, भुवई खाली आली होती, आणि डोळा मिटायला जावं तर पापणी अर्ध्यातच अडून बुबुळ वर पळत होतं, नुसतं पांढरं दिसत होतं. त्याने हसून पाहिलं. हसू सगळं उजवीकडे ओढलं गेलं. डाव्या बाजूला त्या हसण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"अहो, चहा निवतोय," असं म्हणत मंदाकिनी बाहेर आली आणि त्याला पाहून जागच्या जागी थिजली. तिने पदर तोंडाशी नेला. मग तिची नजर त्याच्यावरून निघाली आणि गादीवर झोपलेल्या उत्तरावर जाऊन टेकली. ती नजर त्र्यंबकने पाहिली, आणि आपल्याला ती समजली असं त्याला वाटलं. सहा वर्षं तो ह्याच नजरेची वाट पाहत होता. पहिला मुलगा नेऊन देवीचं समाधान झालं नव्हतं, आता ती बापाच्या तोंडावर आली होती, आणि नंतर कुणावर यायची ते मंदा बघत होती. "काही नाही, वारं बाधलंय," तो म्हणाला, पण 'बाधलंय'मधला ब ओठांत मावला नाही, नुसती हवा फुसकन बाहेर पडली. उत्तरा तेवढ्यात जागी झाली. बापाचं तोंड बघून ती टाळ्या पिटत खिदळली. "बाबा, परत करा ना! परत करा!" तिला वाटलं, बाबा आज सकाळीच खेळायच्या लहरीत आहेत.

लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत. डॉक्टर तो नव्हता. मॅट्रिक झाल्यावर काही महिन्यांचं शिक्षण घेऊन देवी काढायच्या सरकारी कामाला लागलेला साधा माणूस. खांद्याला कातडी पिशवी, पिशवीत लशीच्या नळ्या, टोचणी, स्पिरिटचा दिवा आणि नोंदवही. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून तो निघायचा आणि तालुकाभर हिंडायचा. बारा वर्षांत त्याने किती दंड हातात धरले असतील त्याची त्यालाच गणती नव्हती. मूल दिसलं की नजर आधी त्याच्या दंडाकडे जायची, चेहऱ्याकडे मागाहून. पोरांना कणगीत लपवणाऱ्या आया त्याने पाहिल्या होत्या, पाठ फिरताच लिंबाच्या फोडीने लस पुसून काढणाऱ्या सासवा पाहिल्या होत्या, आणि त्या सगळ्यांना तो न थकता समजावत आला होता. अशा माणसाच्या स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलीचे दोन्ही दंड कोरे होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उत्तरा सहा महिन्यांची झाली तेव्हा त्याने दिवा पेटवला होता, टोचणी ज्योतीत धरली होती, आणि मग टोचणी खाली ठेवून त्याने फुंकर मारून दिवा विझवला. त्या दिवशी त्याने पाटावर बसून कोऱ्या दाखल्यावर तिचं नाव लिहिलं, 'देवी काढल्या, फोड चांगले उठले' असं लिहिलं, मागची एक तारीख घातली आणि खाली सही केली. दाखला लोखंडी पेटीत गेला. मुलगी तशीच राहिली. आणि ह्या वर्षी फाल्गुनात विठ्ठलवाडीला देवीची साथ सुरू झाली होती.

कल्याणच्या डॉक्टर सिडनींनी बॅटरीने कानात पाहिलं आणि शीळ घातली. सिडनी ठाण्याच्या खाडीकडचे जुने ख्रिस्ती. जीभ फटकळ, पण हात हलका. "नागीण आहे ही, टिपणीस. लोकांना कमरेला निघते, तुम्हाला कानात निघाली. चेहऱ्याची शीर तिथूनच जाते, ती धरली गेलीय. लहानपणी कांजिण्या आलेल्या?"

"आलेल्या. आठ-नऊ वर्षांचा असेन."

"मग त्या गेल्या कुठे, असं वाटतं तुम्हाला?"

"गेल्या म्हणजे गेल्या."

"सगळे तसंच समजत होतो. आता काही मोठे लोक म्हणतात की ते विष जातच नाही. शिरेच्या मुळाशी जाऊन झोपून राहतं. वीस वर्षं, तीस वर्षं. माणूस खंगला, मनाला काही लागून राहिलं, की उठतं. पक्का पुरावा अजून कुणाकडे नाही, पण मला पटतं." सिडनींनी हात धुतले. "सुधारेल. पूर्ण सुधारेल की अर्धं, ते देव जाणे. डोळ्याला पट्टी बांधा, गाल चोळत राहा. घरात लहान मूल आहे ना? तिला कांजिण्या येऊन गेल्या?"

"नाही."

"मग पंधरा-वीस दिवसांत येतील बघा, तुमच्याकडून. साथीचे दिवस आहेत, फोड बघून घाबरू नका म्हणजे झालं. अर्थात देवीडॉक्टरची पोर! तुम्हाला काय सांगायचं?"

त्र्यंबक उजव्या बाजूने हसला. दवाखान्यातून तो बाहेर आला तेव्हा समोरून टांगा जात होता, आणि घोड्याच्या नालांचा आवाज डाव्या कानात खिळे ठोकल्यासारखा शिरला. झोपून राहतं, हे शब्द त्याच्या डोक्यातून जाईनात. त्याला त्या जुन्या कांजिण्या आठवल्या. ठाण्याच्या घरातली अंधारी खोली, उशाशी कडुनिंबाचा डहाळा, नवव्या दिवशी आईने घातलेली ऊन पाण्याची आंघोळ, आणि नंतर अंगणात येऊन उन्हाकडे पाहताना वाटलेली ती सुटका. त्या उन्हात उभा असलेला मुलगा खोटा होता तर. सुटला वगैरे काही नव्हता. तो शाळेत गेला, मॅट्रिक झाला, बोहल्यावर चढला, आणि ते सगळा वेळ त्याच्या आत, मानेच्या वर, कानाच्या मागे, श्वास न घेता पडून होतं. मग आणखी काय काय झोपलेलं असेल? लोकांना तो सांगत आला होता की मी तुमच्या पोराच्या अंगात देवीचा एवढासा अंश घालतो, मग मोठी देवी पुन्हा ह्या घरात शिरत नाही. हे तो तोंडपाठ म्हणायचा, पोपटासारखं. पण त्याच्या घरात एकदा जे शिरलं होतं ते गेलंच नव्हतं. त्याला त्या गेलेल्या मुलाचं, बाळचं, नाव सहा वर्षांत मोठ्याने उच्चारता आलं नव्हतं, आणि आता तर ओठांनीच नकार दिला होता.

मुलाचं नाव प्रभाकर ठेवलं होतं, पण हाक बाळ. एकोणपन्नास सालच्या माघात तो पाच महिन्यांचा होता. डोंबिवलीच्या पलीकडे खाडीला लागून मिठागरं होती, आणि मिठागरांच्या कडेला आगऱ्यांचा बंदरपाडा. तिथल्या एकाही मुलाला देवी काढलेल्या नव्हत्या. त्र्यंबक तीनदा गेला, तीनदा दारं लागली. चौथ्या वेळी ठमाबाई पुढे आली. पाड्यावर तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "पयलं तुमचे पोराला टोचा. आमचे म्होरं. मंग आमची घ्या." सगळे हसले. तो तेव्हा तिशीच्या आतला होता आणि डोक्यात राख घालून घ्यायला त्याला तेवढं पुरे झालं. उद्या आणतो, असं तो सांगून आला. घरी त्याने मंदाजवळ नुसता विषय काढला, तर ती म्हणाली, इतक्यात नको. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती आडावर गेली होती. ती पाणी घेऊन आली तेव्हा त्र्यंबकने बाळला खांद्यावर घेतलं होतं. "जरा फिरवून आणतो," तो म्हणाला. तिने बाळचं झबलं सारखं केलं, गालाला तीट लावली आणि म्हणाली, "उन्हं उतरायच्या आत या."

बाळ हसत होता. हे त्र्यंबकला कितीही विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नव्हतं. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हणून तो पाय झाडत हसत होता, टोचणी दंडावर टेकली तेव्हाही हसत होता, आणि मग क्षणभराने, जणू बापाकडून हे कसं होईल याचा विचार करून झाल्यावर, रडला. पाड्यावर कुजबुज झाली. ठमाबाईने आपल्या धाकट्याला पुढे केलं. त्या दुपारी त्र्यंबकने एकेचाळीस मुलांना टोचलं, एका वस्तीत एका दिवशी एकेचाळीस, आणि परत येताना बाळ खांद्यावर झोपला होता आणि त्र्यंबकला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की तो वाटेत गाणं गुणगुणत होता. घरी मंदाने झबलं काढलं, दंड पाहिला आणि ती बाळला घेऊन आत गेली. आठव्या दिवशी फोड सुरेख उठले, पुस्तकात चित्र असतं तसे. अकराव्या दिवशी ताप भरला. बाराव्या दिवशी आकडी आली. तेराव्या दिवशी दुपारी सगळं आटोपलं. लाखात एखाद्याला असं होतं म्हणतात, पण तुमच्या मुलाचं तेच झालं असंही सांगता येत नाही, ह्याच आठवड्यात आळीत आणखी दोन पोरं तापाने गेलीत, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्र्यंबकला वाटे, छातीवर हात ठेवून त्यांनी हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. धड गुन्हा नाही, धड दैव नाही, अशा मध्येच लोंबकळण्यात माणूस कुजतो. मंदाने एकदाही, रागाने नाही की रडताना नाही, त्या दुपारबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

तोंड वाकडं झाल्यावर आठव्या दिवशी तो डोळ्याला पट्टी बांधून कामावर गेला. विठ्ठलवाडीला त्याला पाहून पोरं किंचाळली. एका म्हातारीने लांबूनच नमस्कार केला, त्याला नव्हे, त्याच्या तोंडावर जी आली होती तिला. टोचणाऱ्याचंच तोंड देवीने फिरवलं, ही बातमी त्याच्या सायकलच्या पुढे धावत होती. ज्या घरांत मागच्या आठवड्यात मुलं टोचून घ्यायला तयार होती तिथे आता कुलपं दिसत होती, आणि त्याच आळीत एका खोलीच्या दाराला कडुनिंबाची डहाळी बांधली होती, आत कुणीतरी कण्हत होतं. रोज संध्याकाळी तो घरी यायचा, मोरीत कपडे काढायचा, उकळत्या पाण्यात बुडवायचा आणि उत्तरा धावत आली की ओरडायचा, "जवळ येऊ नकोस!" ती हिरमुसून आईच्या मागे लपायची. ती त्याला आता हसत नव्हती. ह्या कपड्यांवरून, ह्या केसांतून, ह्या नखांतून आपण रोज तिला मरण आणून देतो आहोत, हे त्याला दिसत होतं, आणि त्यावरचा उपाय त्याच्याच पिशवीत होता. दुसऱ्या कुणा व्हॅक्सिनेटरकडे तिला न्यावं तर दाखल्यावर त्याची स्वतःची सही. मंदाला सांगावं तर ती मुलीला घेऊन आडात उडी टाकेल, अशी त्याची खात्री होती. तिला विचारून झालेली ही खात्री नव्हती.

बंदरपाड्यावर जायलाच हवं होतं. सहा वर्षांत तिथे नवी पोरं झाली होती. ठमाबाई आता थकली होती, पण कमरेवरचा हात तोच. ती जवळ आली, त्याची पट्टी, गाल, ओठ न्याहाळत राहिली.

"डाक्तर, तुमचं थोबार असा कोनी केला?"

"नागीण आहे, ठमाबाई. देवीशी काही संबंध नाही."

"पोर नेला. आता तोंड फिरवला. आनि तुमी बोलता संबंध नाय." ती खाली बसली. "तुमचे पोराचे नावानं आमी दर चैताला नारल फोरतो, ठाव हाय तुमाला? देवीचे म्होरं. पन्नास साली साथ आली, बाजूचे पारे ओस परले, आमचा टोचलेला एक पन पोर नाय गेला. देवीडाक्तरचे पोरानं राखली, असा बोलतो आमी. पन आता लोकं भितात. तुमाला दुसरी पोर हाय ना? तिला टोचला?"

"टोचलंय," त्र्यंबक म्हणाला.

"पोरीची शपत घ्याल?"

भोवती दहा-बारा माणसं जमली होती. एका बाईच्या कडेवर दोन महिन्यांचं मूल होतं, डोळ्यांत काजळ घातलेलं, आणि ते पट्टीकडे टक लावून बघत होतं. "पोरीची शपथ," तो म्हणाला. ठमाबाईने मान हलवली, उठली आणि नातवाला घेऊन आली. "घ्या. माजे नातवाला पयला." एका डोळ्याने त्याने त्या दिवशी नऊ मुलांना टोचलं. मग सायकल हातात धरून तो मिठागराच्या बांधापर्यंत चालत गेला आणि तिथे त्याला भडभडून आलं. एक पोर खरं दाखवून घालवलं, दुसरं खोटं दाखवून वापरतो आहे. त्यांनी त्याच्या मेलेल्या मुलाला देव करून ठेवलं होतं, आणि हा त्या देवाचा बाप, जिवंत मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सराईत खोटं बोलणारा. शपथ फळली तर? तो शिकलेला माणूस होता, शपथा फळत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि तो रडत होता तो शपथेच्याच भीतीने. आता मात्र त्याने ठरवलं. उद्या. काही होवो, मंदा काही करो, उद्या आपण टोचायचं. पण उद्या उजाडला की ज्योत आठवायची, पाय झाडणारं मूल आठवायचं, आणि पिशवी खुंटीवरून खाली येत नसे. असे आठ उद्या गेले.

नवव्या दिवशी त्याने विठ्ठलवाडीला सकाळी एका चार वर्षांच्या मुलीला चटईत गुंडाळून नेताना पाहिलं. त्याने काम अर्धवट टाकलं, लशीची ताजी नळी सदऱ्याच्या खिशात घातली आणि भर दुपारी घरी आला. मोरीत तो कोपरापर्यंत हात चोळत होता तेव्हा आतून मंदाचा आवाज आला, "पोरीला ताप भरलाय. सकाळपासून. आणि कपाळावर काहीतरी उठलंय."

त्याच्या हातातला साबण खाली पडला. उशीर झाला, एवढाच एक विचार त्याला आला, आणि तो विचार अगदी शांत होता, बराच वेळ दाराबाहेर थांबलेला पाहुणा आत यावा तसा. ओल्या हातांनीच तो आत गेला. उत्तरा गादीवर पडली होती, गाल लाल, ओठ कोरडे. कपाळावर तीन फोड होते, हनुवटीजवळ एक. डॉक्टर सिडनींचं बोलणं त्याला आठवलं, कांजिण्या येतील बघा, तुमच्याकडून. तोंड वाकडं झाल्याला आज विसावा दिवस होता. पण बुडत्याने काडी धरावी तसं ते असेल, कांजिण्याही असतील आणि देवीही असेल. त्याने डोळ्याची पट्टी ओढून काढली. हजारदा केलेलं काम होतं हे, आणि आता त्याला पहिली अक्षरं आठवेनात. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर दाट. तळहात, तळपाय बघ. त्याने तिची मूठ उघडली. तळहात स्वच्छ. तळपाय स्वच्छ. बोटाने दाबून बघ, कातडीखाली कठीण लागतात का. कपाळावरचा फोड मऊ होता, पाण्याच्या थेंबासारखा, पण त्याच्या बोटाचाच भरवसा त्याला वाटेना. कांजिण्या काखेत येतात, देवी सहसा काखेत येत नाही. त्याने तिचा हात वर केला. काखेत दोन टपोरे फोड होते आणि शेजारी एक नुसता लाल ठिपका, नुकता उगवू पाहणारा. पोट बघ, पाठ बघ. आपल्या मुलीचं अंग त्याने तीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं; तिला न्हाऊ मंदा घाली, कपडे मंदा घाली, आणि त्याची नजर तिच्या कोऱ्या दंडांवर गेली की तो मान फिरवी. त्याने तिचा झगा छातीपर्यंत वर सारला. पोटावर फोड, कमरेवर फोड, काही पिकलेले, काही कोवळे, सगळ्या वयांचे एका जागी. कांजिण्या. त्याच्याच अंगातून उठून गेलेल्या कांजिण्या. तो आता खात्रीसाठी मांड्या बघत होता, आणि उजव्या मांडीवर, अगदी वर, त्याला दोन गोल व्रण दिसले.

त्याने ते बोटाने चाचपले. पांढुरके, किंचित खोल, कडेला बारीक रेघा, दीडएक वर्षापूर्वीचे. असे व्रण तो झोपेतही ओळखू शकला असता. तरी बराच वेळ ते काय आहे ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्याच कुणाची मुलगी आपल्या गादीवर निजली आहे, असं त्याला वाटलं.

"हे कधी?" त्याने विचारलं.

मंदा उशाशी बसून ओल्या फडक्याची घडी घालत होती. "मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर मी चरईला आईकडे राहिले होते ना दोन महिने? तेव्हा. शेजारची फेलिशिया नर्स आहे, तिने काढल्या. मीच म्हटलं, मांडीवर काढ. दंडावर दिसल्या असत्या तुम्हाला."

"तू? तू तर ह्याच्या विरुद्ध होतीस."

"मी कधी म्हटलं तसं?"

तो आठवू लागला. सहा वर्षं तो ज्या मंदाला भीत आला होता तिच्या तोंडचं एक वाक्य त्याला हवं होतं, आणि ते सापडत नव्हतं.

"इतक्यात नको, उष्टावण होऊ दे, मग काढा, एवढं म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "तुम्ही अर्धंच ऐकलंत आणि उठून गेलात."

"मग हे मला का नाही सांगितलंस? मंदा, मी रोज मरतोय. रोज. विठ्ठलवाडीहून आलो की..." म आणि प त्याच्या तोंडातून फुटून बाहेर पडत होते, लाळ हनुवटीवर आली होती. "मी तिची खोटी शपथ घेतली. तिच्या जिवाची!"

"पेटीत दाखला सापडला मला. तुमच्या सहीचा. ज्या तारखेला तुम्ही खडवलीला मुक्कामाला होतात, त्या तारखेचा." तिने फडकं उत्तराच्या कपाळावर ठेवलं. "बसून रडले मी त्या दिवशी. म्हटलं, ह्यांच्याने होणार नाही आता. ह्यांनी कागद लिहिला आणि हे सुटले. मग मुलीचं मलाच बघायला हवं. तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही मला सांगितलंत?"

त्र्यंबकला वाटलं, आता आनंद व्हायला हवा. मुलगी वाचली होती. दीड वर्षापूर्वीच वाचली होती. तो भिंतीला टेकून खाली बसला. आनंद कुठेच नव्हता. दीड वर्ष एकाच गादीवर, एका मुलीच्या दोन बाजूंना, दोघं जागे पडले होते, आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्याला हात लावून उठवावंसं वाटलं नव्हतं. त्याच्या हातून देवी काढून घ्यायला सबंध तालुका दंड पुढे करत होता, आणि त्याच्या बायकोने मुलीला त्या हातांपासून लपवून दूर नेलं होतं.

"माझ्या हाताची भीती वाटली तुला," तो म्हणाला.

"हाताची नाही हो. हाताचं काय!" ती पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे सरळ पाहत होती, लोंबणाऱ्या गालाकडे, न मिटणाऱ्या डोळ्याकडे. "बाळचं आयुष्य तेवढंच असेल. मी भांडले नाही कधी. पण तुम्ही फिरवून आणतो म्हणालात. मला विचारलं असतंत तर मी आले असते. तिथे, त्या पाड्यावर. मी धरलं असतं त्याला." तिने उत्तराचा वर सारलेला झगा खाली ओढला. "एक विचारू?"

त्याने मान हलवली.

"टोचलंत तेव्हा कुणाच्या मांडीवर होता तो?"

बारा वर्षं तो बायकांना सांगत आला होता, मांडीवर घ्या, हात घट्ट धरा, तोंड छातीशी घ्या त्याचं. खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. ठमाबाईचं नाव सांगितलं असतं तरी मंदाने मानलं असतं.

"कुणाच्याच नाही," तो म्हणाला. "मिठाच्या गोणींची थप्पी होती तिथे. तिच्यावर ठेवला होता. मागच्या लोकांना दिसावा म्हणून."

"अंगाखाली काही घातलं होतंत?"

"नाही."

उत्तरा तापात कण्हली. मंदाने फडकं उलटं करून पुन्हा तिच्या कपाळावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "संध्याकाळी झबलं सोडलं तर पाठीला मीठ लागलं होतं त्याच्या. मी पुसलं ते."